रब्बीत ओढ्याची दरड उकरण्याआधी : शृंगी घुबडाच्या विणीचे दिवस

दिवस मावळताना ओढ्याच्या अंगाने 'बू... बूऽऽ' असा खोल, घुमणारा आवाज येत असेल, तर तुमच्या शिवारात शृंगी घुबड आहे. साधारण अर्धा मीटर उंचीचा, डोक्यावर शिंगांसारखे पिसांचे दोन तुरे आणि नारिंगी डोळे असलेला हा पक्षी रात्रभर प्रामुख्याने उंदीर-घुशींवरच जगतो.

नोव्हेंबर ते एप्रिल हा त्याचा विणीचा काळ. काड्यांचे घरटे तो बांधत नाही. दरडीच्या खोबणीत, मुरमाच्या कपारीत उघड्या मातीवरच अंडी घालतो. नेमके याच दिवसांत आपण बांध नीट करायला जेसीबी आणतो, कडेचे गवत पेटवतो. म्हणून यंत्र लावण्याआधी दरडीखाली एक चक्कर मारा. खडकावर पांढऱ्या विष्ठेचे ओघळ आणि खाली अंगठ्याएवढ्या करड्या गुठळ्या दिसतील; न पचलेले केस-हाडे घुबड अशा गुठळ्या करून ओकून टाकते. एखादी काडीने फोडून पाहा : केसांच्या लगद्यात उंदराची कवटी, पिवळे-नारिंगी पटाशीचे दात, बारीक हाडे. अशा जागेचे काम एप्रिलनंतरच्या उन्हाळ्यावर ढकला. अंडी उबवायलाच महिनाभर लागतो आणि पिल्ले त्यानंतरही कित्येक महिने आईबापांच्या जिवावर असतात.

आता उंदरांच्या औषधाचे. ब्रोमॅडिओलोन खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस झिंगल्यासारखा उघड्यावर फिरतो. घुबडाला तोच आधी सापडतो आणि त्याच्या पोटातले विष घुबडाच्या पोटात जाते. घुबडाचा वावर असेल तिथे सापळेच लावा, हे माझे स्पष्ट मत आहे. विषाशिवाय भागतच नसेल, तर संध्याकाळी सगळी बिळे चिखलाने बुजवा. सकाळी जी उकरलेली दिसतील त्यांतच आमिष खोल सारा, तोंड लिंपा. मेलेले उंदीर रोज वेचून खोल पुरा. बांधावर फेकू नका.

पिल्लू जमिनीवर दिसले तर घरी आणू नका. उडता येण्याआधीच ती चालत घरट्याबाहेर पडतात, आईबाप जवळच असतात. जखमी असेल तरच वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

दिवाळीच्या सुमारास घुबडे विचारत कोणी गावात आले, तर त्याला जागा दाखवू नका. अपशकुनाच्या समजुतीने किंवा करणीसाठी घुबड मारणे, पकडणे, विकणे हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. अशा माणसाची खबरही १९२६ वरच द्या.