बिझनेस एथिक्सचा विषय पाठ करू नका, असा वाचा

मॅनेजमेंटच्या कोर्सला एथिक्स आणि सीएसआरचा (म्हणजे कंपनीच्या सामाजिक जबाबदारीचा) पेपर असला की बरेच जण तो शेवटच्या दोन दिवसांवर ढकलतात, कारण वाटतं यात काय एवढं, प्रामाणिक रहा, पर्यावरण जपा, चार पानं भरली की झालं. पण मग सगळ्यांची उत्तरं एकसारखीच येतात आणि विषय हाताला लागतच नाही. माझं ऐकाल तर थिअरी आधी वाचूच नका. आधी एक खरी केस घ्या आणि ज्या क्षणी कुणीतरी निर्णय घेतला तिथे थांबा.

राणा प्लाझा घ्या. ढाक्याजवळ सावरमधली आठ मजली इमारत, वर कपडे शिवणारे कारखाने, खाली बँक आणि दुकानं. २३ एप्रिल २०१३ ला भेगा दिसल्या, बघायला आलेल्या इंजिनिअरने धोका आहे म्हणून सांगितलं, सगळ्यांना बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी बँक आणि दुकानं बंदच राहिली पण शिवणकाम करणाऱ्यांना परत आत बोलावलं, आणि सकाळीच इमारत कोसळली. ११३४ जीव गेले, त्यात बायकाच जास्त.

आता वही काढा आणि फक्त २३ तारखेच्या संध्याकाळबद्दल लिहा. कोणाला काय माहीत होतं, 'उद्या बंद' म्हणायचा अधिकार कोणाकडे होता, बंद ठेवलं तर पैसे कोणाचे बुडणार होते आणि चालू ठेवलं तर जीव कोणाचा जाणार होता. एकाच इमारतीत बँकेच्या माणसाला घरी राहता आलं आणि शिलाई मशीनवरच्या बाईला नाही, हे का, या एका प्रश्नाला निवांत तासभर द्या, माझ्या मते अख्खा विषय तिथेच आहे. ऑर्डर वेळेत जायची होती, पगार कापला जायची भीती होती, आणि ज्या ब्रँड्ससाठी कपडे शिवले जात होते ते हजारो किलोमीटर लांब. ही जी माणसांची यादी तयार होते ना, तेच स्टेकहोल्डर, म्हणजे निर्णयाचा ज्यांच्यावर परिणाम होतो ते सगळे, मॅनेजमेंटचे अभ्यासक एडवर्ड फ्रीमननी १९८४ मध्ये मांडलेले.

मग थिअरी उघडा आणि प्रत्येक थिअरी त्याच संध्याकाळला लावून बघा. उपयुक्ततावाद एकूण भलं-बुरं मोजायला सांगेल, तत्त्वज्ञ कांट विचारेल की माणसाला नुसतं साधन म्हणून वापरलं का. अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमनचं १९७० चं मत, नफा वाढवणं हीच धंद्याची सामाजिक जबाबदारी, हे सगळे लिहितात, पण खेळाचे नियम पाळून आणि फसवणूक न करता ही त्याचीच अट बहुतेक जण गाळतात, ती लिहा, उत्तराचं वजन लगेच वाढतं. कॅरोलचा १९९१ चा कंपनीच्या जबाबदाऱ्यांचा पिरॅमिड (आर्थिक, कायदेशीर, नैतिक, परोपकारी) आकृती काढून दहा मिनिटांत होतो, त्यात अडकू नका.

उलटी केसपण एक हवी. १९८२ मध्ये शिकागो परिसरात कुणीतरी टायलेनॉल या वेदनाशामक औषधाच्या कॅप्सूलमध्ये सायनाइड भरलं, सात जण गेले. कंपनीचा दोष नव्हता, तरी जॉन्सन अँड जॉन्सनने सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या परत घेतल्या. नफा समोर असताना कंपनी वेगळा निर्णय घेऊ शकते हे इथे दिसतं.

आणि सीएसआर म्हणजे देणगी हे डोक्यातून काढून टाका. नफा कमावल्यावर त्यातला किती वाटला हा नंतरचा प्रश्न, आधी तो कमावला कसा ते बघा. फोक्सवॅगनचं २०१५ मध्ये उघडं पडलं तेव्हा जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख डिझेल गाड्यांत प्रदूषणाची टेस्ट ओळखून धूर कमी दाखवणारं सॉफ्टवेअर होतं, आता झाडं लावून ते कसं भरून निघणार?

अभ्यास एकट्याने करू नका, मित्राला कारखान्याच्या मॅनेजरची बाजू घ्यायला लावा आणि त्याला खरंच जोर लावून भांडू द्या. शेवटी 'मी असतो तर योग्य निर्णय घेतला असता' असं मोघम लिहू नका, २४ तारखेच्या सकाळी मालकाला नेमकं काय बोलला असता ते शब्द लिहा. म्हणजे असं, "सर, इंजिनिअर लेखी देत नाही तोवर माझी एकही लाइन वर जाणार नाही, आणि आजचा पगार कोणाचाच कापायचा नाही."