मृदा द्रवीकरणाचे मूल्यमापन: एकाच बोअरहोलमधील दोन भूजल पातळ्या

सैल, संपृक्त (पाण्याने पूर्ण भरलेली) वाळू भूकंपात हादरली की कणांमधील पाण्याचा दाब वाढतो, प्रभावी ताण (एकूण ताणातून पाण्याचा दाब वजा करून उरणारा) शून्याकडे जातो आणि जमीन भार पेलेनाशी होते, म्हणजेच तिचे द्रवीकरण होते, हे तुम्ही शिकलेले आहात. १९६४ च्या जपानमधील निगाता भूकंपात कावागिशी-चो येथील इमारती फारशा न तुटता अख्ख्या कलंडल्या, ते छायाचित्रही पाहिलेले असेल. खरी अडचण पहिल्या बोअरहोलची नोंद हाती आल्यावर सुरू होते.

सीड आणि इद्रिस या अभियंत्यांनी १९७१ मध्ये मांडलेली द्रवीकरण तपासण्याची सोपी पद्धत पुढे सुधारत गेली, तरी तिचा गाभा तोच आहे. भूकंपाने मातीवर येणाऱ्या चक्रीय ताणाचे प्रभावी ताणाशी गुणोत्तर (सीएसआर) एका बाजूला आणि मातीचा प्रतिकार (सीआरआर) दुसऱ्या बाजूला ठेवून सीआरआरला सीएसआरने भागायचे; येतो तो सुरक्षा गुणांक, आणि तो १ पेक्षा कमी असेल तर द्रवीकरण अपेक्षित धरायचे. सूत्रे सोपी आहेत. मला सर्वाधिक काळ अडवून ठेवले ते प्रभावी ताणाने. या गणितात तो दोन ठिकाणी येतो आणि दोन्ही ठिकाणी भूजल पातळी वेगळी घ्यावी लागते, हे मला फार उशिरा उमगले. म्हणून हा मुद्दा सविस्तर लिहितो.

एसपीटी चाचणीतील (हातोड्याने जमिनीत नळी ठोकून घेतलेल्या चाचणीतील) एन मूल्य, म्हणजे मोजलेल्या ठोक्यांची संख्या, खोलीनुसार सुधारताना चाचणीच्या दिवशी त्या वाळूवर प्रत्यक्ष जो प्रभावी ताण होता तोच घ्यावा लागतो, कारण हातोड्याचे ठोके त्या ताणाखालच्या वाळूनेच झेललेले असतात. सीएसआर काढताना मात्र भूकंपाच्या वेळी पाणी जास्तीत जास्त जितके वर असू शकेल ती पातळी घ्यायची.

उदाहरण पाहा. स्वच्छ वाळू, चाचणीची खोली ६ मीटर, ऊर्जेची सुधारणा केलेले एन मूल्य १२. एकक भार पाण्याच्या वर १८ आणि पाण्याखाली २० किलोन्यूटन प्रति घनमीटर. कोरड्या ऋतूत बोअरिंग झाले तेव्हा पाणी ५ मीटरवर होते, म्हणून प्रभावी ताण सुमारे १०० किलोपास्कल आला आणि खोलीच्या सुधारणेनंतरही एन १२ च राहिला. संकल्पनासाठी (डिझाइनसाठी) पाणी १ मीटरवर धरले, तर एकूण ताण ११८ आणि प्रभावी ताण सुमारे ६९ होतो. भूकंपाची तीव्रता (मॅग्निट्यूड) ७.५ आणि भूपृष्ठावरील कमाल त्वरण ०.१३ जी (जी म्हणजे गुरुत्वीय त्वरण) घेतले, तर सीएसआर ०.१३८ आणि सीआरआर ०.१३१ येतो, म्हणजे सुरक्षा गुणांक ०.९५. आता ६९ हाच आकडा एन सुधारण्यासाठीही वापरला की एन १४.४ होतो आणि गुणांक १.१२ वर जातो. उलट, दोन्हीकडे ५ मीटरची पातळी घेतली तर १.४८. बोअरहोल एकच, वाळूही तीच, पण निष्कर्ष तीन. आणि त्यातले दोन सुरक्षिततेचा खोटा दिलासा देणारे.

तयार एक्सेल शीट घेऊन आकडे भरण्याची सवय मला धोक्याची वाटते. शीटमध्ये प्रभावी ताणाचा एकच स्तंभ असला की हा घोळ तिथेच दडून बसतो. पहिली काही गणिते हातानेच करा, आणि त्यात ताणाचे दोन स्तंभ ठेवा. मार्गदर्शक निवडायचा झाल्यास बोअरिंगच्या यंत्राजवळ उभे राहून काम पाहिलेला निवडा. बोअरहोलमधील पाणी बाहेरच्या पातळीपेक्षा खाली गेले तर तळातून वाळू वर उसळते आणि एन मूल्य विनाकारण कमी येते, हे कार्यालयात बसून समजत नाही.

बारीक कणांचे प्रमाण, तीव्रतेचा गुणक, हातोड्याची ऊर्जा, हे सारे पद्धतशीर वाचले की जमते. त्याची धास्ती घेऊ नका. एवढे मात्र लक्षात ठेवा की ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटीमीटरवरून सोडला, तरी दोर आणि कप्पीच्या घर्षणात किती ऊर्जा जाते ते यंत्रागणिक बदलते. त्याची नोंद नसेल तर ती मागून घ्या. मागितल्याने कोणी रागावले तरी मागा.

गुणांक १ पेक्षा कमी आला म्हणजे इमारत पडणारच, असेही नाही. द्रवीकरण होणारा थर कमी जाडीचा आणि खोलवर असेल आणि त्यावर जाड, द्रवीकरण न होणारे आवरण असेल, तर पृष्ठभागावर फारसे काही दिसणार नाही. नदीकाठाकडे अगदी सौम्य उतार असलेल्या जागी मात्र तोच थर जमीन आडवी सरकवू शकतो. म्हणून गुणांकानंतर जमीन किती खचेल आणि किती सरकेल याचा अंदाज वेगळा काढावा लागतो. अहवालात चाचणीच्या दिवशीची भूजल पातळी, तिची तारीख आणि संकल्पनासाठी धरलेली पातळी शेजारी-शेजारी लिहा, म्हणजे तपासणाऱ्याला दोन्ही स्तंभ पडताळून पाहता येतील.