गच्चीवरची सेंद्रिय बाग: ऋतू बदलताना या चुका टाळा

"पानं पिवळी पडलीत, काय फवारू?" गच्चीवर भाजी लावणाऱ्यांकडून मला सगळ्यात जास्त ऐकू येणारा प्रश्न हाच. माझं उत्तर ठरलेलं आहे: आधी कुंडीतल्या मातीत दोन पेरं बोट खुपसा. बहुतेक वेळा बोटाला चिखल लागतो, नाहीतर वरून ओलसर दिसणारी माती आत ठणठणीत कोरडी निघते. फवारण्यासारखं काही नसतंच. पुण्यात इतकी वर्षं गच्चीवर बाग केल्यावर माझी खात्री झाली आहे की घरच्या कुंड्यांमधली झाडं किडीपेक्षा आपल्या सवयींनी जास्त मरतात. मे महिन्यातला हात जूनमध्येही तसाच चालत राहतो, तिथे घात होतो.

पावसाळा: मान टाकलेल्या झाडाला पाणी घालू नका

पाणी जास्त झालं तरी झाड मान टाकतं आणि कमी पडलं तरी टाकतं. मुळांना हवा मिळाली नाही की ती कुजू लागतात, मग चिखलात उभं असूनही झाडाला पाणी शोषता येत नाही. आपण ते सुकलंय समजून आणखी एक तांब्या ओततो. दुपारी मलूल झालेलं झाड संध्याकाळी ताजंतवानं झालं, तर काळजी नको. माती ओली असताना ते सकाळीच मलूल दिसलं, तर पाणी बंद करा, कुंडी जराशी तिरकी करून ठेवा आणि खालच्या भोकातून काडी घालून बघा. मुळांनी आणि मातीने भोक बुजलेलं असतं. कुंडी भरतानाच तळाला खापरीचा तुकडा आणि त्यावर उसाच्या चिपाडाचा थर दिला, तर हे टळतं. रसवंतीवाल्याकडे मागितलं तर चिपाड सहसा फुकट मिळतं, हळूहळू कुजून त्याचं खतही होतं. कुंड्यांखालच्या ताटल्या मात्र जूनच्या पहिल्या पावसालाच काढून ठेवा. त्यात साठलेल्या पाण्यात डास होतात, ते वेगळंच.

धो धो पावसात खत धुऊन जातं. म्हणून एकदम ओंजळभर घालण्यापेक्षा दर पंधरा दिवसांनी मूठभर गांडूळखत घाला.

बादलीला वास येतोय?

ओल्या कचऱ्याचं खत करणारे बरेच जण पहिल्या पावसाळ्यातच कंटाळून सोडून देतात, याचं मला फार वाईट वाटतं, कारण चूक अगदी साधी असते. भाजीची देठं, फळांची सालं पडत राहतात, सुका पाला पडत नाही. एक भांडं ओला कचरा टाकला तर निदान तेवढाच सुका पाला, नारळाच्या शेंड्या किंवा लाकडाचा भुसा हवा, पावसाळ्यात त्याच्या दुप्पट. बादलीतला मूठभर माल दाबून बघा. बोटांमधून पाणी ठिबकलं तर सुकं कमी पडलंय. सुकं मिसळा, तळापासून खालीवर करा, दोन-तीन दिवसांत वास जातो.

बादलीत अळ्या दिसल्या की सगळं फेकून देऊ नका. चपट्या, मळकट तपकिरी अळ्या ब्लॅक सोल्जर फ्लायच्या असतात. त्या कचरा खातात, झाडाला त्रास देत नाहीत. कुंडीत मात्र पांढरी, जाड, अर्धगोल वळलेली, तपकिरी डोक्याची अळी सापडली तर ती हुमणी. ती मुळं खाते. ती बहुधा कच्च्या शेणखतातून येते, म्हणून ताजं शेण कुंडीत घालायचंच नाही. अर्धवट कुजलेलं खतही नको. सालं ओळखू येत असतील किंवा खत हाताला कोमट लागत असेल, तर थांबा. तसं खत मातीत गेलं की कुजण्याच्या कामात तिथलाच नत्र खर्च होतो आणि पानं फिकट पडतात.

जीवामृताच्या, म्हणजे शेण-गोमूत्र आंबवून केलेल्या पातळ खताच्या, बाबतीत अतिउत्साह नडतो. नैसर्गिक शेतीचा प्रसार करणाऱ्या पद्मश्री सुभाष पाळेकरांच्या कृतीत 200 लिटर पाण्याला 10 किलो शेण असतं आणि ते एकरभरासाठी असतं. घरी 10 लिटर पाण्यात अर्धा किलो शेण, अर्धा लिटर गोमूत्र, 100 ग्रॅम गूळ, 100 ग्रॅम बेसन आणि मूठभर चांगली माती पुरते. सावलीत ठेवून दोन दिवस सकाळ-संध्याकाळ ढवळा. झाकण घट्ट लावू नका, आत वायू तयार होतो, फडकं बांधा. वापरताना दहापट पाणी घाला आणि आठवडाभरात संपवा.

हिवाळा: दिसेल तो किडा चिरडू नका

हे मला फार उशिरा कळलं. एका जानेवारीत चवळीच्या शेंड्यांवर काळा मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, आला होता. त्यातच काळ्या, लांबट, अंगावर केशरी ठिपके असलेल्या, इवल्याशा सुसरीसारख्या दिसणाऱ्या अळ्या फिरत होत्या. मावा ठेवून मी त्या वेचून मारल्या. त्या ढालकिड्याची (लेडीबर्डची) पिल्लं होती आणि मावा खायलाच आली होती. आठवड्यात चवळी हातची गेली. आता मावा दिसला की आधी नुसत्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने पानं मागून धुते. ढालकिडे असतील तर चार दिवस थांबते.

तरीही फवारायचंच असेल, तर 1 लिटर पाण्याला 5 मिली कडुनिंबाचं तेल पुरे. तेल थेट पाण्यात ओतलं तर ते वर तरंगतं, तवंग पानावर बसतो आणि उन्हात पान करपतं. आधी तेलात थोडा साबण किंवा रिठ्याचं पाणी घोटा, दुधासारखं पांढरं झालं की मग पाणी वाढवा. फवारणी उन्हं उतरल्यावर, पानांच्या मागून, आणि केलेलं द्रावण त्याच दिवशी संपवा.

टोमॅटोचं बूड काळं पडून आत गेलं की लोक अंड्याची टरफलं घालतात. टरफलं कुजायला खूप वेळ लागतो. खरं कारण बहुधा पाण्यातली धरसोड असते: दोन दिवस कोरडं, तिसऱ्या दिवशी बादलीभर. मग मुळांकडून फळापर्यंत कॅल्शियम पोचत नाही. रोज ठरावीक पाणी द्या, पुढची फळं चांगली येतील.

कोथिंबीर उगवत नाही म्हणणाऱ्यांनी धणे अख्खे पेरलेले असतात. लाटण्याने हलके रगडून दोन डाळिंब्या करा, रात्रभर भिजवा, मग पेरा.

उन्हाळा: आच्छादन आणि संध्याकाळची दहा मिनिटं

तापलेल्या स्लॅबवर कुंडी थेट ठेवू नका, खाली विटा द्या. मातीवर तीन-चार बोटं पाल्याचा थर घाला. पाणी सकाळी लवकर द्या. मार्चनंतर टोमॅटोची फुलं गळतात ती उष्णतेने, तिथे खत वाढवून काही होत नाही. 50 टक्क्यांची, म्हणजे अर्धं ऊन अडवणारी, शेडनेट लावा.

"दुधीला फुलं भरपूर, फळ एक नाही" ही तक्रार एप्रिलमध्ये हमखास येते. सुरुवातीची फुलं नर असतात, तेव्हा वेल उपटू नका. मादी फुलामागे बोटाएवढा इवलासा दुधी दिसतो. दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं, त्यामुळे सकाळी ब्रश फिरवून उपयोग नसतो. दिवेलागणीला नर फूल तोडा, पाकळ्या काढा आणि त्याचे पराग मादी फुलाच्या मधोमध हलकेच टेकवा. दोन-तीन दिवसांत मागचं बोंड हिरवंगार राहून फुगू लागलं, तर फळ धरलं. पिवळं पडून गळालं, तर पुढच्या मादी फुलाच्या संध्याकाळी पुन्हा करा.