स्फटिकाची मांडणी बदलायची असेल, तर सॉफ्टवेअरने आधी विचारावे

लॅन्थॅनम मँगनाइट या चुंबकीय स्फटिकाविषयीचे बरेच लेखन पीबीएनएम मांडणीत आढळते; मांडणी म्हणजे स्फटिकाचे अक्ष आणि आरंभबिंदू ठरवण्याची पद्धत. त्याच्या ६२ क्रमांकाच्या स्पेस ग्रुपची, म्हणजे सममितीच्या प्रकाराची, प्रमाण मांडणी मात्र पीएनएमए आहे. स्फटिक तोच, अणूही तेच, इथे बदलतात ती केवळ अक्षांची (ए, बी, सी) नावे. परंतु 'चुंबकीय थर सी अक्षाच्या दिशेने रचलेले आहेत' हे विधान त्या नावांवरच उभे असते, आणि फाइल उघडताना सॉफ्टवेअरने परस्पर मांडणी बदलली, तर तो अक्ष बी होतो व विधान चुकते. म्हणून मांडणी ओळखण्याचे काम प्रोग्रॅमने खुशाल आपोआप करावे, ती बदलावी मात्र सांगितल्यावरच. डेटाबेसमधील दुबार नोंदी शोधताना प्रमाण मांडणी लागतेच, पण तेव्हाही वेगळी प्रत करावी.

रूपांतर करताना स्फटिकाची रचना साठवणाऱ्या मूळ सीआयएफ फाइलला हात लावू नये. वरील उदाहरणात जुना बी हा नवा ए, जुना सी हा नवा बी आणि जुना ए हा नवा सी होतो. त्यामुळे पेशीच्या, म्हणजे स्फटिकात पुन्हा पुन्हा येणाऱ्या ठोकळ्याच्या, कडांच्या सुमारे ५.५४, ५.७५ आणि ७.६९ अँगस्ट्रॉम या लांबी ५.७५, ७.६९, ५.५४ अशा क्रमाने येतात. अणूंचे निर्देशक (पेशीतील स्थानाचे आकडे) त्याच क्रमाने फिरवावेत आणि अक्षांनुसार क्रमांक दिलेले क्ष-किरणांचे ००२ हे परावर्तन ०२० असे लिहावे. अणू कोणत्या दिशेने किती कंप पावतो हे सांगणारे कंपनांचे गुणांक बहुधा इथेच विसरले जातात: लॅन्थॅनमचा यू१२ (पहिल्या व दुसऱ्या अक्षाचा गुणांक) आता यू१३ व्हायला हवा. बंधांची लांबी जुळली म्हणून निर्धास्त होऊ नये, कारण ही चूक तिच्यात दिसतच नाही.

निर्देशक जिथून मोजतात तो आरंभबिंदू सरकतो तेव्हा अधिक जपावे. सिलिकॉनच्या २२७ क्रमांकाच्या स्पेस ग्रुपमध्ये दोन आरंभबिंदू प्रचलित आहेत. त्याचा अणू पहिल्यात ०,०,० वर, तर दुसऱ्यात १/८,१/८,१/८ वर असतो. पहिल्याचे निर्देशक ठेवून दुसऱ्याच्या सममिती क्रिया (एका अणूवरून बाकीचे अणू काढण्याचे नियम) लावल्या, तर पेशीची लांबी तीच राहते, पण तिच्यात ८ ऐवजी १६ अणू येतात. तेव्हा अणू मोजावेतच.

सममिती ओळखणारी एसपीजीलिबसारखी लायब्ररी वापरताना सहनमर्यादा (किती फरक दुर्लक्षित करायचा ती मर्यादा) सैल ठेवल्यास रचनेतील खरी, सूक्ष्म विकृतीही पुसली जाऊ शकते. म्हणून वापरलेली मर्यादा, अक्ष बदलणारे मॅट्रिक्स आणि आरंभबिंदूचे सरकणे नव्या फाइलमध्येच नोंदवावे, आणि उलट मॅट्रिक्स लावून मूळ आकडे परत मिळतात का, हे जुनी फाइल शेजारी उघडून पाहावे.