कोकण रेल्वेला साइड लोअरच घ्या
मुंबईहून कोकण रेल्वेने मंगळूर-केरळकडे जाणार असाल तर एकदा तरी एसी सोडून साधा स्लीपर काढा, खिडकी उघडी असते आणि पावसाळ्यात ओल्या मातीचा वास थेट आत येतो. साइड लोअर मागा, म्हणजे 7, 15, 23 असे नंबर, दिवसा त्याच्या समोरासमोर दोन सीट होतात. गाडी दिवसा सुटणारीच बघा, नाहीतर सगळं कोकण अंधारात जातं! रत्नागिरीच्या आधी करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागतो, आणि रत्नागिरी सोडली की मोबाईल बाजूला ठेवा कारण पानवलचा 64 मीटर उंच पूल येतो, एकदम खाली नुसते झाडांचे शेंडे. पावसाळ्यात टाइमटेबल वेगळं असतं, तेवढं चेक करा.