वजन न वाढवता विमानाच्या मॉडेलमध्ये कॉकपिट कसं करावं

थर्माकोल आणि फोमची उडणारी विमानं आता तालुक्याच्या गावांतली पोरंही झकास बनवतात. पंख नीट, शेपूट नीट, रंगही नीट. फक्त पायलटच्या जागी काळा रंग फासलेला असतो. तेवढं एक चुकतं आणि सगळं विमान खेळण्यासारखं दिसतं. खरं वाटेल असं कॉकपिट आठ-दहा ग्रॅममध्ये होतं आणि त्याचं बहुतेक सामान घरात किंवा वावरात मिळतं.

उदाहरणाला एचटी-२ घेऊ. डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी आरेखित केलेलं हे शिकाऊ वैमानिकांचं विमान १९५१ मध्ये पहिल्यांदा उडालं. एकामागे एक दोन सीटा आणि वर लांब पारदर्शक झाकण, त्यामुळे आतलं सगळं दिसतं. त्याचा पंखविस्तार सुमारे १०.७ मीटर आहे. बाराव्या हिश्शाच्या मापात मॉडेल ८९ सेंटीमीटरचं होतं, म्हणजे सायकलच्या कॅरिअरवर बांधून वावरात नेता येतं.

आधी खोली ठरवा. विमानाच्या पोटात बॅटरी आणि रिमोटचा इशारा पकडणारा रिसीव्हर असतात, तेव्हा कॉकपिट खरं तेवढं खोल करता येत नाही आणि करायची गरजही नाही. तीन सेंटीमीटर पुरे. तळ आणि बाजू गडद राखाडी रंगवा. काळा नको, काळ्यात सावली दिसतच नाही. सावली दिसली की डोळ्याला खोली आपोआप भासते.

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो वेग, उंची वगैरे दाखवणाऱ्या घड्याळांच्या पॅनेलला. खऱ्या विमानातल्या मुख्य घड्याळांचा व्यास साधारण ८० मिलिमीटर असतो. त्याला बाराने भागलं की साडेसहा येतात, आणि ऑफिसातल्या पंचिंग मशीनचं भोक जवळपास तेवढंच, सहा मिलिमीटरचं पडतं. काळ्या कार्डशीटचा सहा बाय साडेतीन सेंटीमीटरचा तुकडा कापा आणि वरच्या व खालच्या कडेनं मशीन घालून भोकं पाडा. त्यामागे पारदर्शक प्लास्टिकचा पातळ तुकडा लावा. त्याच्याही मागे घड्याळांच्या तबकड्या छापलेला कागद. झेरॉक्सवाल्याकडून योग्य मापात छापून घ्या, पांढरे आकडे काळ्यावर. हे तीन थर फेविकॉलनं चिकटवले की तबकडी काचेमागे बसलेली दिसते. नुसतं छापील चित्र चिकटवून हा परिणाम येत नाही, म्हणून इथे आळस नको. पॅनेलच्या कडांवरून चंदेरी पेन्सिल अलगद फिरवा, म्हणजे हाताळून रंग उडालेल्या पत्र्यासारखं दिसेल.

सीटा आणि पायलट यांसाठी ज्वारीच्या धांड्यातलं भेंड घ्या. धांड्याच्या भेंडाची बैलगाडी केलेल्या पोराला हे काम शिकवावं लागत नाही. वाळलेला जाड धांडा सोला, आतला गाभा धारदार ब्लेडनं कापा आणि बारीक पॉलिश पेपरनं घासा. पायलट कमरेपर्यंतच करा, पाय कुणाला दिसत नाहीत. हेल्मेटसह डोकं दोन सेंटीमीटरच्या आसपास ठेवा. मोठं झालं तर सगळं विमान छोटं वाटतं. एका पायलटची मान थोडी बाजूला वळवा, दोघं सरळ बघत असले तर बाहुल्या बसवल्यासारखं दिसतं. भेंडाला पातळ फेविकॉलचा हात द्या, नाहीतर पावसाळ्यात ओल धरून कीड लागते. सीटचे पट्टे मास्किंग टेपचे, बकल गोळ्यांच्या पाकिटाच्या चंदेरी कागदाचे आणि पायलटच्या हातातला विमान वळवायचा दांडा टूथपिकचा.

रंग पोस्टर किंवा अॅक्रिलिक. स्प्रे पेंट आणि फेविक्विक साध्या थर्माकोलला खातात, त्यांना लांबच ठेवा.

झाकण करायला सावरीचं हलकं लाकूड कोरून साचा बनवा. तो आरशासारखा गुळगुळीत घासा, कारण लाकडाची रेघ प्लास्टिकवर उमटते. पाण्याची सरळ बाजूंची बाटली कापून साच्यावर चढवा आणि हॉट एअर गननं फिरवत फिरवत शेका. प्लास्टिक आक्रसून साच्याला चिकटतं. थंड झाल्यावर कापा आणि चौकटीच्या पट्ट्या रंगवलेल्या टेपच्या लावा. लांबून आधी नजरेत भरतात त्या याच पट्ट्या आणि दोन डोकी. त्या वाकड्या असल्या तर आतली मेहनत वाया गेली म्हणून समजा.

मागच्या सीटच्या आडोशाला रुपयाएवढं भोक ठेवा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात बंद झाकणाखाली बॅटरी आणि फोम दोन्ही तापतात, तेव्हा हवा निघायला वाट हवी. झाकण दोन छोट्या चुंबकांवर बसवा, म्हणजे बॅटरी बदलताना काही मोडत नाही.

शेवटी सगळं वजन सोनाराच्या काट्यावर करून घ्या, किराणा दुकानाच्या काट्याला एक-दोन ग्रॅम कळत नाहीत. दहाच्या वर गेलं तर आधी तळाचा फोम आतून कोरा, पॅनेलला हात लावू नका. मग बॅटरी पुढे-मागे सरकवून तोल पुन्हा बघा आणि तूर निघालेल्या मोकळ्या वावरात, वारा सुटायच्या आत, सकाळी उडवा.