लोहाची बाजरी पेरताय ना, मग आधी मिठाचं पाणी करा

पाऊस दोन-चार दिवसांवर आलाय, जमिनी तयार आहेत, आणि या घाईतच दरवर्षी तीच चूक होते म्हणून आज सगळं सोडून हे लिहितोय. बाजरीचं बी मिठाच्या पाण्यातून काढल्याशिवाय पेरू नका. विशेषतः ज्यांनी लोहाच्या बाजरीचं, म्हणजे धनशक्तीचं, घरचं बी ठेवलंय त्यांनी तर नाहीच.

धनशक्ती हा राहुरीच्या कृषी विद्यापीठानं इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेबरोबर काढलेला वाण, 2012 ला आपल्याकडं आला. दाण्यात लोह किलोला 71 मिलिग्रॅमच्या आसपास, साध्या बाजरीत त्याहून बरंच कमी असतं. म्हणजे 100 ग्रॅम पिठाच्या भाकरीत 7 मिलिग्रॅम. बाईमाणसाला दिवसाला 29 मिलिग्रॅम लागतं असं हैदराबादच्या पोषण संस्थेचं म्हणणं आहे, तर दोन वेळच्या भाकरीतच अर्धा हिशेब होतो, अर्थात पोटात गेलेलं सगळं लोह अंगी लागत नाही, म्हणून भाकरीबरोबर लिंबू, कच्चा टोमॅटो नाहीतर पेरू खा आणि जेवणाला लागून चहा घेऊ नका. 2019-21 च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या शंभरातल्या 54 बायकांना रक्त कमी निघालं. शेतात राबणाऱ्या आपल्याच घरातल्या बाया आहेत या. म्हणून मी म्हणतो दोन एकर विकायला पेरा पण अर्धा एकर घरच्या पोटासाठी धनशक्ती ठेवाच.

आणि हा वाण हायब्रीड नाही, घरचं बी दोन-तीन वर्षं चालतं. दुकानदार हे सांगणार नाही, तो दरवर्षी नवीन पाकीट पुढं करणार, वर "दाण्यात लोह वाढवणारं" म्हणून टॉनिकची बाटली. बाटली घेऊ नका. हिराकसाची (फेरस सल्फेटची) फवारणी पिवळ्या पडलेल्या पानासाठी असते (10 लिटरला 50 ग्रॅम), धनशक्तीच्या दाण्यात लोह आहे ते मुळात वाणाच्या गुणामुळं.

पण घरच्या बियातच धोका असतो. मागच्या साली कणसावर अरगट हा बुरशीचा रोग आला असेल, तोच तो चिकट मधासारखा द्रव आणि नंतर दाण्याच्या जागी काळपट लांबट गाठी, तर त्या गाठी मळणीत बियात मिसळतात आणि तुम्ही स्वतःच्या हातानं रोग पेरता. मी अशी उभी शेतं बघितलीत, ताटं छातीएवढी, कणसं भरलेली आणि दाणा खायच्या लायकीचा नाही. त्या गाठी दळणात गेल्या की उलट्या, चक्कर, गुंगी. गरोदर सुनेसाठी पेरलेली बाजरी तिलाच द्यायची भीती वाटावी यापेक्षा वाईट काय. आणि हे टाळायला लागतं काय, तर दोन किलो मीठ!

10 लिटर पाण्यात 2 किलो मीठ पूर्ण विरघळवा. बी थोडं थोडं टाका, हलवा, वर तरंगेल ते गाठी आणि पोचट दाणे काढून जाळा, कोंबड्यांना टाकू नका. तळाचं बी लगेच चांगल्या पाण्यानं दोन-तीनदा धुवा, मीठ राहिलं तर उगवण जाते, आणि सावलीत पसरून वाळवा. त्यावर गोसावी रोगासाठी (कणसाच्या जागी पानांचा झुपका होतो तो) मेटॅलॅक्झिल 35 टक्के हे बुरशीनाशक किलोला 6 ग्रॅम, हातमोजे घालून, आणि पेरायच्या थोडं आधी अझोस्पिरिलम हे जिवाणू खत किलोला 25 ग्रॅम. औषध लावलेलं उरलेलं बी दळणात जाता कामा नये.

बाकी नेहमीचं:
- पेरणी 15 जून ते 15 जुलै, चांगली ओल झाल्यावर
- बी एकरी दीड किलो
- अंतर 45 बाय 15 सेंमी
- मध्यम जमिनीत एकरी नत्र 20, स्फुरद 10, पालाश 10 किलो; नत्र निम्मं पेरताना, निम्मं 25-30 दिवसांनी
- विरळणी दोनदा, कोळपणी दोनदा

माझा एक अंदाज आहे, कुठल्या पुस्तकातला नाही, ज्यांची पेर जुलैच्या पहिल्या आठवड्याच्या आत उरकते त्यांच्यात अरगट कमी दिसतो. उशिराचं पीक फुलोऱ्यात असताना ढगाळ, दमट हवा धरून राहते आणि तिथंच घात होतो. त्यामुळं फुलोऱ्यात आभाळ भरून आलं की रोज सकाळी चक्कर मारा, चिकट कणीस दिसलं की पिशवीत कापून बांधाबाहेर नेऊन जाळा, बाकी कणसांबरोबर खळ्यावर आणूच नका.

पुढच्या सालाचं बी प्लॉटच्या मधल्या कणसांचं घ्या, कडेला शेजारच्या हायब्रीडचे पराग येतात. आणि पीठ आठवड्याला पुरेल एवढंच दळा, बाजरीचं लवकर कडू होतं, मग पोरं भाकरी बाजूला सारतात.